जॅकने एकट्याने तोफ डागली नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जॅक कॉर्नवेल या ब्रिटिश नौसैनिक पोराविषयीचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण 'साथीदार पडल्यावर तो एकटाच तोफ डागत राहिला' हे त्यातले वाक्य चुकीचे आहे. मी २४ वर्षे तोफखान्यात काढली. (गोलंदाज हा शब्द मूळचा आमचा, क्रिकेटवाल्यांनी नंतर उचलला.) त्यामुळे ते खटकलेच.

तोफ डागणे हे जॅकचे काम नव्हतेच. 'चेस्टर' या क्रूझरच्या (वेगवान युद्धनौकेच्या) पुढच्या साडेपाच इंची तोफेवर तो साइट सेटर होता. कानाला हेडफोन लावायचे, वरून येणारे आकडे ऐकायचे आणि त्याबरहुकूम तोफेचा नेम लावून द्यायचा. ३१ मे १९१६ रोजी पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या सागरी लढाईत जर्मन क्रूझर 'चेस्टर'वर तुटून पडल्या. तोफेवरचे बाकीचे काही मेले, काही जायबंदी झाले. जॅकच्या छातीत पोलादाचे तुकडे घुसले होते. तरी पुढचा हुकूम येईल म्हणून तो जागेवर उभा राहिला. वय १६.

तोफ चालू असली की भीतीला सवड मिळत नाही. हात रिकामे, आजूबाजूला आपलीच माणसे पडलेली आणि कानात काहीच नाही, अशा वेळी उभे राहणे काय असते ते आमच्या देवळालीत कुणाही जुन्या गनरला विचारा.

आणखी एक. त्या तोफांच्या ढाली मागून उघड्या होत्या आणि खाली डेकपर्यंत पोचत नव्हत्या. त्या फटीतून तुकडे आत आले, कित्येकांचे पाय गेले. जहाजावर २९ जण मेले. पदकाच्या झगमगाटात ही फट कुणालाच दिसत नाही.

जॅक २ जूनला इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या रुग्णालयात वारला. आधी चहाच्या गाडीवर पोऱ्या असलेल्या या मुलाला सामाईक कबरीत पुरले होते. बोभाटा झाल्यावर जुलैत पुन्हा इतमामाने दफन केले. सप्टेंबरात व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झाले. ऑक्टोबरात वडील गेले. आई १९१९ मध्ये हलाखीतच वारली. तुमचा लेख पदकापाशीच थांबतो.

माझ्या नातीने शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तुमचे कात्रण वहीत चिकटवले आहे. ती पाठ करायला बसण्याआधी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त हवालदार, तोफखाना
देवळाली कॅम्प, नाशिक