आईच्या हाताचा लिंबाचा वास

कणकवली,
कार्तिक वद्य त्रयोदशी

प्रिय बाबल्या,

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा "निवांत पत्र लिहितो" म्हणालो आणि दिवाळी उलटून गेली. रागावू नकोस. माझी तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, आईचंही वयाच्या मानाने ठीक. आज मात्र लिहायलाच बसलोय. एक गोष्ट घडली आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही, कारण आमच्या चुलीपाशी बसून आईच्या हातचं जेवलेला तूच एक उरला आहेस.

गेल्या बुधवारी शेजारच्या मावशीचा कोयता परत द्यायला तिच्या मागच्या दारी गेलो. पडवीत आई पाटावर बसली होती. पुढ्यात केळीचं पान, पानावर उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं तिखलं. तिरफळांचा वास बाहेर वईपर्यंत येत होता. डोळ्यांना आता नीट दिसत नाही ना, म्हणून ती एकेक काटा अंगठ्याच्या नखाने चाचपून बाजूला काढत होती. भात लाल झालेला, बोटं थरथरत होती, पण तोंडावर जे समाधान होतं ते मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. कोयता ठेवल्याचा आवाज झाला तशी तिने वर पाहिलं आणि पदर ओढून पान झाकलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पोटच्या मुलापासून पान झाकत होती. आणि म्हणाली काय, "आपल्या भांड्याक नाय लावलंय रे झिला."

मी काहीच बोललो नाही, परत फिरलो. विहिरीवर जाऊन उगाच दोन कळशा पाणी काढलं.

तुला ठाऊक आहे, कोरोनानंतर वारी पुन्हा पायी निघाली त्या २०२२ च्या आषाढीला मी माळ घातली. अप्पांची राहून गेलेली इच्छा होती. बुवांनी पांडुरंगाच्या पायाला लावून माळ गळ्यात घातली तेव्हा मी रडलो होतो, आणि ते रडणं खरं होतं. मासमटण बंद, एकादशी, रोज हरिपाठ. मासे सोडण्याचा फार त्रास होईल असं वाटलं होतं, तसा झाला नाही. पण घरी आल्यावर मी काय केलं? स्वयंपाकघरातून माशांची मातीची भांडी काढून मागच्या गडग्यावर ठेवली. तुझ्या वहिनीला सांगितलं, या घरात आता माळ आहे, इथे पुन्हा मासे शिजायचे नाहीत. आई चुलीपुढे बसली होती. तिला मी विचारलं नाही, बाबल्या. विचारायचं असतं हे डोक्यातही आलं नाही.

आणि त्या दिवसानंतर दर बुधवारी संध्याकाळी तिच्या हातांना लिंबाचा वास येतो. मला वाटायचं म्हातारी लोणचं घालतेय. आता कळलं, हातांचा वास जावा म्हणून ती लिंबाची साल चोळून घरी येत होती.

तुझं तोंड दिसतंय मला. कोल्हापूरच्या होस्टेलमधली ती एकादशी आठवली असेल. तू स्टोव्हवर दोन अंडी उकडलीस म्हणून मी पातेलं खिडकीतून खाली फेकलं होतं. "तुझो विठोबा अंडी मोजूक बसलोहा काय रे?" असं तू विचारलंस आणि अख्खा मजला हसला. दोन महिने मी तुझ्याशी बोललो नाही. तेव्हा गळ्यात माळही नव्हती, नुसता राग होता. त्या पातेल्याचे पैसे तू अजून मागतोस, ते या खेपेला देतो. गौरीला आपल्याकडे मासमटणाचा, तिखटाचा नैवेद्य चालतो मग विठ्ठलाने काय घोडं मारलंय, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र देत नाही. ते भांडण तसंच राहू दे. माझी माळ मला प्रिय आहे आणि ती मी उतरवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे त्यावरून सुरुवात करू नकोस.

माझं दुःख वेगळं आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे, निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात, पण 'रसवर्जम्', त्यातली गोडी सुटत नाही. त्यावर माउलींनी झाड दाखवलंय. वरची पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालत राहायचं, तर झाड मरेल कसं? ते उलट जास्त फांकतं. अप्पा हे वाचायचे तेव्हा मी समजायचो की ही गोडी म्हणजे माशाची. तीन वर्षं तपासत राहिलो, बाजारात बांगड्याची टोपली दिसली तर मन हलतं का? हलत नव्हतं, आणि मी खूश व्हायचो. माझी गोडी दुसरीकडेच वाढत होती. तिठ्यावर कुणी "माळकरी" म्हणून पाया पडला की ती वाढायची. लग्नाच्या पंगतीत माझं ताट वेगळं लावलं की वाढायची. घरात माझ्या पावलांच्या आवाजाने बोलणं थांबलं की, आज लिहिताना हात जड होतोय, तेव्हाही वाढायची.

आणि आईचं बघ. सोमवार, गुरुवार, शनिवार, अख्खा श्रावण. साठ वर्षं तिने पाळलं. आपण दोघे खाडीतले खेकडे घेऊन यायचो आणि तिचा वार असला तरी ती वाटण काढून, रांधून आपल्याला वाढायची आणि स्वतः पेज नि लोणचं घेऊन बसायची. तिचा वार आहे हे आपल्याला कधी कळायचंसुद्धा नाही. मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारायची, कारण तिला चाखता यायचं नाही. संयम याला म्हणतात हे मला पोथीतून कळायला साठी गाठावी लागली.

त्या रात्री झोप नव्हती. गांधीजींच्या दुधाच्या व्रताची गोष्ट मनात घोळत राहिली, तीच, जिच्यावरून तू आणि अप्पा ओटीवर वाद घालत बसायचात. कलकत्त्याचे गवळी गाईम्हशींचे हाल करतात हे कळल्यावर त्यांनी १९१२ मध्ये आफ्रिकेत दूध सोडलं. १९१८ च्या मोठ्या आजारात कस्तुरबांनी सुचवलं की व्रत गाईम्हशीच्या दुधाचं होतं, बकरीचं कुठे होतं? ते घेतलं त्यांनी, पण शब्द पाळला आणि आत्मा गमावला ही टोचणी त्यांना कायमची राहिली. तू म्हणायचास ही पळवाट, अप्पा म्हणायचे तो बायकोचा जीव. मला त्या रात्री फक्त आईचं वाक्य ऐकू येत होतं. आपल्या भांड्याला लावलं नाही. जे व्रत तिने कधी घेतलंच नव्हतं, त्याचा शब्द ती पाळत होती.

बुवांकडे जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं काही प्रायश्चित्त सांगतील, एखादा उपास वाढवतील. ते बराच वेळ गप्प राहिले आणि एवढंच म्हणाले, "आईला विचारलं होतंस?" मी मान खाली घातली. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

रविवारी मी स्वतः बाजारात गेलो. बांगडे आणले, गडग्यावरची भांडी उतरवून घासून दिली. तुझ्या वहिनीने एक शब्द न बोलता तिखलं केलं. आईपुढे ताट ठेवलं तर तिने ते हळूच सरकवलं. "नको रे. तुझी माळ बाटतली." मी पाया पडलो, शपथ घातली, सगळं केलं. ती वरणभात जेवली. आणि आता बुधवारी शेजारीही जात नाही. मी पाहिलं म्हणून तेही सुटलं तिचं. माझ्या हातून दोन्हीकडून तिचं ताट गेलं बघ, आणि हे कसं दुरुस्त करू ते सुचत नाही.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? धाकटीच्या लग्नाची तारीख कळव, पुण्यात असेल तर दोन दिवस आधीच येतो. वहिनींना नमस्कार.

आणि जत्रेला ये. दशावतारी दहिकाला बघ, पण दुसऱ्या दिवशी पळू नकोस, राहा. गुरुवार टाळून राहा, मार्गशीर्षातले गुरुवार ती अजून धरते. तू पूर्वीसारखा चुलीपाशी जाऊन "आये, भूक लागली" म्हण. तुला ती नाही म्हणणार नाही, आणि तू जेवायला बसलास की "तू पण घे" म्हणून तिच्या पानात वाढ. मी माझा वरणभात घेऊन तिथेच बसेन. काटे मी काढून देईन तिला. सौंदाळे मिळाले तर तेच आणतो, त्यांना काटे कमी.

तुझा,
भाऊ