शुक्रवारचं जास्तीचं ताट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशात शिकणाऱ्या मराठी मुलांवर लेख आला होता. लेख चांगला होता, पण एका वाक्यापाशी मी अडले. अमेरिकेत विद्यापीठाशेजारी ज्याने त्याने आपली वेगळी चूल मांडली आहे आणि त्यामुळे मुलं मिसळत नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. उदाहरणांत ज्यू विद्यार्थ्यांची घरंही होती. मी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. माहेर रेवदंडा, सासर ठाणे, वय शहात्तर. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. माझी नात सध्या अमेरिकेत शिकते आणि दर शुक्रवारी अशाच एका चुलीवर जेवते. तेव्हा लिहिल्यावाचून राहवलं नाही. (‘आजी, माझं नाव आणि युनिव्हर्सिटी पेपरात छापून आणू नकोस’ असं तिने बजावलंय, म्हणून दोन्ही गाळते.)

खरं सांगायचं तर इथे असताना या मुलीला शब्बाथचं (शुक्रवार सांजेपासून शनिवार सांजेपर्यंतचा आमचा विश्रांतीचा दिवस) काही पडलेलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी मी दिवा लावायची तेव्हा हिचा क्लास असायचा. तिकडे गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात फोनवर रडली. कारण विचारलं तर म्हणे, ‘काही नाही, शुक्रवार आहे.’ तिच्या कॅम्पसच्या कडेला ‘हिलेल’ या ज्यू विद्यार्थ्यांच्या संस्थेचं घर आहे, साधं विटांचं, पुढे तीन पायऱ्या. पुढच्या शुक्रवारी ती दबकत गेली. दारात एका मुलाने नाव विचारलं आणि लगेच, जेवलीस का, हे विचारलं. पैसे नाहीत, फॉर्म नाही. मला तेवढ्यानेच ते घर आवडलं.

मग नेहमीचा प्रश्न आला. इंडियन आणि ज्यू, हे कसं काय? तिने नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची आपली परंपरागत गोष्ट सांगितली, त्यातून वाचलेली सात जोडपी, घाण्यावर तेल काढायचा धंदा, शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं ‘शनवार तेली’ हे नाव. मुलं ऐकत राहिली म्हणाली. दोन महिन्यांनी हिने तिथल्या स्वयंपाकघरात नारळाच्या दुधातली कोंबडी रांधली. आमच्यात मांस आणि दूध एकत्र करत नाहीत, आणि त्या स्वयंपाकघरात तर दोन्हींची भांडी, ओटे, कपाटं सगळं वेगळं. पांढरा रस्सा पाहून देखरेख करणारा मुलगा धावतच आला! हिने नारळाच्या दुधाचा डबा दाखवला, त्यावरचा कोशरचा, म्हणजे आमच्या धर्मनियमांत बसत असल्याचा, शिक्का दाखवला. तो हसला आणि म्हणाला, ‘हा रिकामा डबा पातेल्याशेजारीच ठेव, म्हणजे दुसरं कुणी घाबरणार नाही.’ गंमत म्हणजे धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत अगदी हेच सांगितलंय. मांसात बदामाचं दूध घातलं तर शेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याचा गैरसमज होत नाही. आमच्या आज्यापणज्यांना कोकणात हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपला नारळ फोडला आणि मोकळ्या झाल्या.

आता न मिसळण्याबद्दल. त्या रात्री टेबलावर हिची रूममेट होती, ती केरळची ख्रिस्ती. एक बांगलादेशी मुलगा होता, तो भात मिळतो म्हणून येतो आणि तसं सांगतोही. एक अमेरिकन मुलगी होती, तिचे वडील ज्यू, आई ज्यू नाही (आमच्यात परंपरेने आईवरून ज्यू मानतात), आणि ‘मी चालते का इथे?’ असं ती पहिल्या दिवशी विचारत आली होती. लेखकमहाशयांनी एक शुक्रवार तिथे जेवायला हवं होतं.

ही हिलेलची घरं निघाली कुठून, तेही सांगते. १९२०च्या सुमाराला अमेरिकेत ज्यू मुलं कॉलेजात मोठ्या संख्येने येऊ लागली तशी बड्या विद्यापीठांना ती जास्त वाटू लागली. हार्वर्डच्या अध्यक्षांनी १९२२ मध्ये त्यांच्यावर मर्यादा घालण्याचा उघड प्रस्ताव मांडला होता. इतर ठिकाणी प्रवेश मिळाला तरी विद्यार्थ्यांच्या क्लबांची दारं बहुधा बंदच. इलिनॉय विद्यापीठात बायबलचं साहित्य शिकवणारे एडवर्ड चॉन्सी बॉल्डविन नावाचे प्राध्यापक होते. ते स्वतः ख्रिस्ती. आपल्या ज्यू विद्यार्थ्यांना स्वतःच्याच परंपरेची फारशी माहिती नाही, हे त्यांना खटकलं आणि त्यांनी ते ज्यू मंडळींच्या मागे लागून सांगितलं. १९२३ मध्ये बेंजामिन फ्रँकेल या तरुण रब्बीने, म्हणजे धर्मगुरूने, तिथे पहिलं हिलेल सुरू केलं, पुढच्याच वर्षी ‘बने ब्रिथ’ या ज्यू संस्थेने त्याचा भार उचलला. फ्रँकेल १९२७ मध्ये, जेमतेम तिशीत, गेले. आज आठशेहून जास्त कॉलेजांत हिलेल आहे. वेगळी चूल म्हणायची तर म्हणा, पण ती पेटवायला काडी एका ख्रिस्ती मास्तराने दिली, एवढं लक्षात असू द्यावं.

नावही फार विचाराने ठेवलेलं. हिलेल हे दोन हजार वर्षांपूर्वीचे पंडित. तलमूद या आमच्या धर्मग्रंथात त्यांची एक गोष्ट आहे, ती मी वर्गात ऑफ तासाला सांगायची. तरुणपणी हिलेल रोजावर काम करत. मजुरीतला अर्धा वाटा घरी, अर्धा पाठशाळेच्या दारवानाला. एक दिवस कामच मिळालं नाही आणि दारवानाने आत सोडलं नाही. हे छपरावर चढले आणि झरोक्याला कान लावून पडून राहिले. शुक्रवारची संध्याकाळ, ऐन थंडीचे दिवस, वरून बर्फ पडायला लागलं. सकाळी शमाया आणि अवतालियोन हे गुरू म्हणाले, आज पाठशाळेत अंधार का? वर पाहतात तो झरोक्यात माणूस. तीन हात बर्फाखालून त्याला काढलं, न्हाऊ घातलं, तेल चोळलं, विस्तवापाशी बसवलं. शब्बाथला ही कामं वर्ज्य. पण गुरू म्हणाले, याच्यासाठी शब्बाथ मोडला तरी चालेल. मुलं नेहमी विचारायची, ‘बाई, मग त्या दारवानाचं काय झालं?’ ग्रंथात ते नाही.

माझ्या वाट्याला असा दारवान आला, आणि झरोक्यातून काढणारंही कुणीतरी आलं. १९६६ साली रेवदंड्याहून पुण्याला बी. ए.ला गेले. रेवदंड्यात आमची मशीद होती (सिनेगॉगला आम्ही घरात मशीदच म्हणत आलो), इस्रायल आळी होती, मी कोण हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. पुण्यात होस्टेलच्या बाईंनी रजिस्टरात धर्म लिहिताना विचारलं, ‘ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना?’ आणि मी घाबरून ‘हो’ म्हटलं. खोलीतल्या मुलींना वाटायचं मी घरी निराळीच भाषा बोलत असेन. ‘तुझं मराठी किती शुद्ध आहे गं!’ असं एकीने कौतुकाने म्हटलं होतं. काय बोलणार! दारफळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरच्या कडक उपासाला, कॉलेजात चाचणी लागली. सुट्टी मागितली तर सर म्हणाले, असा काही सण कॅलेंडरात नाही. पाण्याचा थेंब न घेता मी पेपर लिहिला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, सर आता नाहीत.

ही गोष्ट रास्ता पेठेत कुणीतरी एका मावशींच्या कानावर घातली. माझं त्यांच्याशी नातं काहीच नव्हतं. त्यांनी निरोप पाठवला, शुक्रवारी ये. मी डेक्कनवरून लकडी पुलावरून चालत गेले. वाड्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, काका पोस्टात. आत जाते तो आधीच पाच जण बसलेले. पनवेलची नर्सिंगची मुलगी, पेणचा इंजिनिअरिंगचा मुलगा, खडकीच्या डेपोतला एक कारकून, आणखी दोघं. सकाळी भिजत घातलेल्या काळ्या मनुका मावशी हाताने कुस्करत होत्या. आपल्याकडे कोशर वाइन कुठली मिळायला, त्यामुळे किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला, मनुकांचाच गाळलेला रस. पेल्याच्या तळाशी थोडा गाळ राहायचा, तो मिळावा म्हणून पेणच्या मुलाची धडपड असायची. मग माशाचं कालवण, भात, आणि वाल भिजवलेले असले तर बिरडं. रात्री मुली आत, मुलं गॅलरीत. सकाळी सगळी वरात सुक्कथ शेलोमोच्या मशिदीत पायी. ‘पुढच्या वर्षी चाचणी लागली तर मला सांग, मी येते त्या सरांना भेटायला,’ असं मावशींनी पहिल्याच रात्री सांगितलं होतं, आणि त्या खरोखर आल्या. नऊवारी नेसून स्टाफरूममध्ये उभ्या राहिल्या. चाचणी दुसऱ्या दिवशी झाली.

मी तीन वर्षं तिथे जेवले. मावशींनी कधी पाटी लावली नाही, ट्रस्ट केला नाही. पुढे ते दोघं इस्रायलला गेले, लोदला. तसे कितीतरी गेले. आता साऱ्या भारतात आम्ही चार-पाच हजार उरलो असू. घरं गेली तशी ती शुक्रवारची ताटंही गेली. पेण-अलिबागकडून आमचं एखादं मूल मुंबई-पुण्याला शिकायला येतं, पेइंग गेस्ट म्हणून राहतं आणि शुक्रवारी रात्री मोबाइलवर जेवण मागवतं. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला. चांगलं झालं, पण तो कागद शुक्रवारी जेवायला वाढत नाही.

सगळं गोडच लिहिलं तर माझी नात मला खोटारडी म्हणेल. तिच्या त्या घराच्या दाराला कार्डाचं कुलूप आहे आणि शुक्रवारी बाहेर पहारेकरी असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कससंच झालं. मग कुलाब्याचं नरिमन हाउस आठवलं. तिथे होल्ट्झबर्ग पती-पत्नी येईल त्या वाटसरूला जेवू घालायचे, आणि २६ नोव्हेंबर २००८ला काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ते घर २०१४ मध्ये पुन्हा उघडलं, पण आता तिथेही पहारा आहेच. आमची ठाण्याची १८७९ची मशीद, तिच्या फाटकाशीही पोलीस असतो. दार उघडं ठेवायचं आणि कुलूपही लावायचं, ही कसरत आम्हाला करावी लागते.

दुसरं भांडण गाझाचं. ऑक्टोबर २०२३ नंतर त्या टेबलावर आवाज चढतात, मुलं उठून बाहेर जातात, काही पुन्हा येतच नाहीत. इस्रायलबद्दल कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही, याचे हिलेलच्या मध्यवर्ती संस्थेचे नियम आहेत. ते न पटल्याने स्वार्थमोर कॉलेजच्या मुलांनी २०१३ मध्ये उघड बंड केलं आणि पुढे हिलेल हे नावही सोडलं. मला त्या मुलांचं चुकलं असं वाटत नाही. नातीचं आणि माझंही या विषयावर जमत नाही, ती माझ्या लोदच्या भाचरांवर चिडते, मी तिच्यावर. पण ती अजून तिथे जाते. मी विचारलं, एवढं भांडता तर जातेस कशाला? म्हणाली, ‘भांडण झालं तरी माझं ताट कुणी उचलत नाही.’

तर संपादकसाहेब, लेखकांना माझं सांगणं एवढंच, की परगावी गेलेल्या मुलाला आधी कुठेतरी स्वतःविषयी खुलासा न करता बसता यावं लागतं. मग ते आपणहून दुसऱ्यांत जातं. मी पुण्याच्या होस्टेलात ‘मी ज्यू आहे’ असं पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं ते मावशींकडे चार शुक्रवार जेवल्यावर. त्या महिन्यात खोलीतल्या दोघी माझ्याबरोबर रास्ता पेठेत आल्या, आणि त्यातल्या एकीने मावशींकडून मलिद्याचं प्रमाण लिहून घेतलं. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. ती सदाशिव पेठेतली होती.

आमच्या मशिदीच्या मंडळींपुढे मी हे मांडलंय की कॉलेजच्या मुलांसाठी शुक्रवारी एक टेबल लावावं, आमची मुलं असोत वा त्यांचे मित्र. चर्चा चालू आहे. आमच्याकडे चर्चा पुष्कळ दिवस चालते. तोवर मी माझ्या घरी सुरू केलंय. ठाण्यात शिकणाऱ्या कुणाही मुलाने यावं, कोण कुठला विचारणार नाही. फोन नंबर आपल्या कचेरीत देऊन ठेवते. फक्त बिरडं हवं असेल तर बुधवारी सकाळपर्यंत कळवावं, वालांना मोड यायला वेळ लागतो आणि सोलायला मी एकटीच आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, ठाणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)