ड्रिप काढू नका, सांधे बदला : अध्यक्षांना पत्र

अध्यक्ष साहेब,

सप्रेम नमस्कार. ग्रुपवर नोटीस आली की गच्चीवरचे आणि बाल्कन्यांमधले ड्रिपचे, म्हणजे झाडांना थेंब-थेंब पाणी देणाऱ्या नळ्यांचे, सगळे कनेक्शन महिनाअखेर काढून टाका, कारण वरच्या मजल्याच्या छताला ओल येतेय. ओल येतेय हे खरंय, मी स्वतः बघितलीय, त्या फ्लॅटवाल्यांचा वैताग अगदी रास्त आहे. पण गळतंय ते ड्रिप नाही हो, गळतोय तो सांधा जिथे ड्रिपचा फाटा मेन लाईनला जोडलाय, आणि तो सांधा कसा केलाय हे कमिटीतल्या कुणी वर जाऊन वाकून बघितलं असेल असं मला तरी वाटत नाही.

टाकीच्या बाजूचं एक फिटिंग मी काढून सोसायटी ऑफिसात ठेवलंय, जरूर बघा. आतून आटे असलेला प्लास्टिकचा एफटीए (पाईपला आट्यांची वस्तू जोडायचा जोड) आहे, त्यात लोखंडी निप्पल (बाहेरून आटे असलेला छोटा नळीचा तुकडा) घातलेलं, त्यावर टेफ्लॉन टेप इतकी गुंडाळलेली की आटे दिसतच नाहीत आणि वरून पाईप पान्याने दाबून आवळलंय, पान्याचे दात प्लास्टिकवर उमटलेत अगदी. फिटिंगचं तोंड नुसतं चिमटीत दाबलं की कडेपासून खाली एक उभी, केसाएवढी चीर उघडते, सोडलं की दिसेनाशी होते. म्हणूनच कुणाला सापडत नव्हती.

आता हे का होतं तर निप्पलचे आटे टेपर असतात, टोकाला बारीक आणि मागे जाड, त्यामुळे जितकं आत फिरवाल तितकी पाचर बसत जाते. लोखंड तर हटत नाही, मग ताणलं जातं प्लास्टिक, आणि ते लगेच तडकत नाही हीच खरी गोची आहे. टेस्टिंगच्या दिवशी एक थेंब येत नाही, प्लंबर पैसे घेऊन जातो आणि मग काही आठवड्यांनी चीर पडते. तक्रार केली की तो येऊन अजून अर्धा फेरा आवळतो, चीर अजून लांब होते, आणि आपण म्हणतो ड्रिपमुळे गळतं! कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं की प्रेशरने फुटलं असेल. अहो, दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार प्रेशर मिळतं, गच्चीवर टाकी डोक्याच्या थोडीशी वर, तिथे अर्धा बारसुद्धा नाही. प्रेशरचा प्रश्न आलाच तर खालच्या बागेत येईल, तिथे ड्रिपच्या आधी फिल्टर आणि प्रेशर रेग्युलेटर हवा, पण तो विषय वेगळा.

दुसरी गोष्ट म्हणजे व्हॉल्व्ह फिटिंगच्या पुढे लावलाय. म्हणजे झाडांचं पाणी बंद केलं तरी चिरलेला सांधा चोवीस तास लाईनवरच. सेकंदाला एक थेंब आणि २० थेंबांचा एक मिली धरला तरी दिवसाला चार लिटरच्या वर पाणी स्लॅबवर जातं, मग ओल नाही येणार तर काय होणार.

माझं म्हणणं एवढंच की बंदीऐवजी काम कसं करायचं ते ठरवून द्या. मेन लाईनमधून फाटा सोल्यूशनने चिकटवून घ्यायचा, लगेच बॉल व्हॉल्व्ह, तोसुद्धा चिकटवायचाच, आणि आट्यांचं जे काय असेल ते त्याच्या पुढे. लोखंडी किंवा पितळी निप्पल प्लास्टिकच्या आट्यात घालायचंच नाही, घालायचं असेल तर पितळेचा इन्सर्ट असलेलाच एफटीए. उलटं चालतं, म्हणजे प्लास्टिकचा मेल (बाहेरून आटे) आणि धातूचा फिमेल (आतून आटे). टेप तीन-चार वेढे, आट्याकडे तोंडासमोरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने, नाहीतर फिरवताना गोळा होऊन बाहेर येते. हाताने घट्ट करून वर एक, फार तर दीड फेरा, बस. धागा-सफेदा नको, आट्यांना सोल्यूशन तर मुळीच नको.

आणि झाडांचं पाणी आपोआप चालू-बंद करणारे टायमर ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी एक, ते मागवताना आटे बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आहेत ना ते बघून घ्या. आपल्याकडचे फिटिंग बीएसपी, काही टायमर एनपीटी (अमेरिकन मापाचे) निघतात. अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हीचे इंचाला १४ आटे, त्यामुळे बिनधास्त चढतात, पण आट्यांचा कोन एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६० म्हणून नीट बसत नाहीत, झिरपत राहतात, मग परत पाना! एक इंचात तर ११ आणि साडेअकरा, ते दोन-चार फेऱ्यांतच अडकतं. ज्या टायमरच्या नटमध्ये रबरी वॉशर असतो तिथे पाणी वॉशरच अडवतो, टेप लावायची गरजच नाही.

गच्चीवरचे पांढरे पाईप उन्हाने ठिसूळ होतात, त्यांना जमलं तर रंग मारून घ्या.

तर नोटीस तूर्त थांबवा ही विनंती. आधी गच्चीवरचे लोखंडी निप्पलवाले सांधे बदलून घेऊ आणि नंतर लाईन चालू ठेवून रोज छत बघू, ओल तरीही वाढली तर माझं कनेक्शन मी पहिलं काढतो. प्लंबरला बोलवाल तेव्हा मला फोन करा, मी वर येऊन थांबतो, त्याने मोठा पाना आणला तर तो खालीच ठेवायला सांगा.

आपला,
बी विंगमधला गच्चीवर झाडं लावणारा रहिवासी