आधी लक्षण लिहा, मग लघवी तपासा: वृद्धाश्रमांतील अँटिबायोटिक्सबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
प्रत: मा. सामाजिक न्याय मंत्री, मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन

महोदय,

वृद्धाश्रमांत अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे ‘लघवीचं इन्फेक्शन’. आणि त्यातल्या कितीतरी जणांना ते झालेलंच नसतं. क्रम ठरलेला असतो. आजी सकाळपासून बरळतात किंवा लघवीला उग्र वास येतो. ताप नाही, जळजळ नाही. मावशी नमुना लॅबला पाठवतात, रिपोर्टात ‘पस सेल्स (पू-पेशी) २०-२५’ येतं, डॉक्टर फोनवर औषध सांगतात आणि मेडिकलमधून सात दिवसांच्या गोळ्या येतात. केसपेपरवर काहीच लिहिलेलं नसतं.

संस्थेत राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी २५ ते ५० टक्के आणि पुरुषांपैकी १५ ते ४० टक्के जणांच्या लघवीत कोणताही त्रास नसताना जिवाणू सापडतात. महिनाभर कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या लघवीत ते असतातच. पस सेल्सही त्यांच्यासोबत येतात. हा आजार नव्हे. त्यावर औषध दिल्याने आयुष्य वाढत नाही, पुढचं इन्फेक्शन टळत नाही. जुलाब लागतात आणि पुढच्या वेळी तेच जिवाणू त्या औषधाला दाद देत नाहीत. कल्चरच्या (जिवाणू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टात शेवटी ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे लागू पडणारं म्हणून उरतं ते महागडं इंजेक्शन, आणि त्यासाठी आजींना हॉस्पिटलात हलवावं लागतं.

मग लघवी तपासायची कधी? कॅथेटर नसेल तर नव्याने सुरू झालेली जळजळ एवढं एकच लक्षण पुरे. जळजळ नसेल, तर ताप आणि त्याच्या जोडीला यापैकी एक तरी हवं: वारंवार किंवा घाईची लघवी, ओटीपोटात दुखणं, लघवीत रक्त, कुशीत दुखणं, लघवीवरचा ताबा नव्याने सुटणं. कॅथेटर असेल तर ताप, हुडहुडी, कुशीत दुखणं किंवा नव्याने आलेला भ्रम. वास आणि गढूळपणा या यादीत नाहीत, कारण ते बहुतेकदा पाणी कमी पडल्याचं सांगतात. तापाचं मोजमापही वेगळं लागतं. या वयात १०० फॅरेनहाइटच्या वरचा एक आकडा किंवा नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंशांची वाढ हा ताप धरावा. त्यासाठी प्रत्येकाचं नेहमीचं तापमान आधी वहीत नोंदलेलं हवं, आणि बहुतेक ठिकाणी ते नसतं.

नुसतं बरळणं असेल आणि बाकी प्रकृती स्थिर असेल, तर आधी साखर तपासा. सोडियम पाहा, पोट साफ झालं का विचारा, लघवी तुंबली आहे का ते ओटीपोट चाचपून बघा, झोपेची किंवा सर्दीची नवी गोळी सुरू झाली आहे का ते पाहा. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर दर तासाला थोडं थोडं पाणी पाजून २४ ते ४८ तास लक्ष ठेवा, दर पाळीला ताप, नाडी, रक्तदाब लिहा. श्वासाचा वेग मिनिटाला २५ च्या वर गेला, रक्तदाब उतरला किंवा माणूस जागा होईना, तर मात्र वाट पाहायची नाही, थेट हॉस्पिटल.

नमुना घेण्यातही घोळ होतो. युरोबॅगेतून (कॅथेटरला जोडलेल्या पिशवीतून) घेतलेली लघवी कल्चरला निरुपयोगी असते. कॅथेटर दोन आठवड्यांहून जुना असेल तर तो बदलून नव्या कॅथेटरमधून नमुना घ्यायचा. दोन तासांत लॅबला पोचणार नसेल तर तो फ्रिजमध्ये ठेवायचा. नाहीतर वाटेतच जिवाणू वाढतात आणि रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ होतो.

आता डोस. ८२ वर्षांच्या, ४८ किलो वजनाच्या आजींचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.१ येतं. कागदावर ते नॉर्मल. पण (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), आणि स्त्री असल्याने गुणिले ०.८५, असं मांडलं तर किडनीची क्षमता मिनिटाला सुमारे ३० मिलि निघते. या आजींना लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ७५० मिग्रॅ. रोज नव्हे, ४८ तासांतून एकदा द्यायचं असतं. रोज दिलं तर ते अंगात साठतं. स्नायुबंध तुटणं, भ्रम वाढणं आणि मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर एकदम घसरणं हे त्याचे धोके याच वयात सर्वाधिक. वजन आणि क्रिएटिनिन केसपेपरवर नसेल तर डॉक्टरांना हा हिशेब करताच येत नाही. लघवीच्या इन्फेक्शनवरचं नायट्रोफ्युरँटॉइन हे औषधही क्षमता ३० च्या खाली असेल तर टाळायचं असतं.

लिव्होफ्लॉक्सासिनचा दुसरा धोका आपल्याकडे विशेष आहे. ते क्षयाच्या जंतूवरही चालतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या आजोबांना ते दिलं की चार दिवस बरं वाटतं, क्षयाचं निदान काही आठवडे लांबतं आणि तोवर शेजारच्या पलंगापर्यंत लागण पोचलेली असते. अशा खोकल्यात आधी थुंकी तपासायला जायला हवी.

हे सारं कोणाच्या अखत्यारीत येतं, हाच खरा अडसर आहे. वृद्धाश्रम सामाजिक न्याय विभागाकडे, औषधांची विक्री अन्न व औषध प्रशासनाकडे, डॉक्टर आपल्याकडे. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या यादीत, सेफिक्झिम आणि लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स आहेत. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण मेडिकलवाल्याने लिहून ती नोंद तीन वर्षं जपायची असते. वृद्धाश्रमाकडून एकगठ्ठा औषधं जातात तिथे रुग्णाच्या नावाची ही नोंद खरोखर होते का, एवढं तपासायला नवा कायदा लागत नाही. ज्येष्ठ नागरिक अधिनियम २००७ च्या कलम १९ नुसार वृद्धाश्रमांतील वैद्यकीय सेवेचे निकष ठरवण्याचा अधिकारही राज्य सरकारकडे आहेच.

म्हणून आमची मागणी एका पानाची आहे. तिन्ही विभागांनी मिळून एक संयुक्त परिपत्रक काढावं. लघवी लॅबला पाठवण्याआधी लक्षण लिहिलेला छापील मराठी तक्ता भरणं त्यात बंधनकारक असावं. चिठ्ठीवर औषध कशासाठी आणि कोणत्या तारखेला थांबवायचं हे लिहिलेलं असावं. फोनवर सांगितलेल्या औषधाची लेखी चिठ्ठी २४ तासांत यावी. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी किंवा नर्सने रिपोर्ट आणि प्रकृती पाहून औषध चालू, बदल किंवा बंद यावर सही करावी. वजन दर महिन्याला आणि क्रिएटिनिन निदान सहा महिन्यांनी केसपेपरवर चढावं. त्या तपासणीची सोय शासकीय रुग्णालयांत मोफत व्हावी, कारण लहान संस्थांना हा खर्च झेपत नाही. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची) लस नियमानुसार वृद्धाश्रमांतच जाऊन द्यावी. छातीच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिकचे जे कोर्स होतात त्यातले काही तिथेच वाचतील.

तक्त्याचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. मावशींना तो पाच मिनिटांत भरता येतो. आपल्या कार्यालयाने वेळ दिल्यास आम्ही तो घेऊन येऊ.

आपले,
वृद्धाश्रमांत सेवा देणारे डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते