दुसऱ्या क्रमांकाची शिक्षा मॅनेजरला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) मिकेल आर्टेटा यांना ठेवावे की बदलावे, यावरून क्लबच्या पुण्यातील समर्थकांत उभी फूट पडली आहे. लंडनच्या क्लबचा वाद पुण्याच्या वृत्तपत्रात कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. पण युरोपीय स्पर्धेच्या सामन्यासाठी रात्री साडेबाराला दूरचित्रवाणीसमोर बसणारी आणि सकाळी तशीच कामाला जाणारी कितीतरी घरे कोथरूडपासून खडकीपर्यंत या शहरात आहेत, आणि या वादातला एक मुद्दा तर पुण्याने स्वतः भोगलेला आहे. माझ्याच घरात दोन पक्ष आहेत. मी १९९८ पासून या क्लबचा समर्थक असून आर्टेटा राहावेत असे माझे मत आहे. माझ्या मुलाला ते जायला हवेत असे तितक्याच मनापासून वाटते.

त्याची बाजू आधी मांडतो, कारण ती पोकळ नाही. आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये आले. २०२० चा एफए कप (इंग्लंडमधील बाद पद्धतीची स्पर्धा) सोडला, तर साडेपाच वर्षांत एकही मोठा चषक आलेला नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ असे सलग तीन मोसम आपण दुसरे आलो. पहिल्या वर्षी २४८ दिवस अव्वल राहूनही विजेतेपद निसटले, दुसऱ्या वर्षी ८९ गुण मिळवूनही मँचेस्टर सिटीच्या ९१ गुणांपुढे ते अपुरे पडले, आणि यंदा तर सिटी मागे पडली असताना लिव्हरपूल आपल्यापेक्षा दहा गुणांनी पुढे राहिले. ३८ पैकी १४ सामने बरोबरीत सुटले. चॅम्पियन्स लीग या युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धेत रिअल माद्रिदला दोन्ही सामन्यांत हरवून आपण उपांत्य फेरीत पोहोचलो, पण तिथे पॅरिस सेंट-जर्मेनने आपल्याला दोन्ही सामन्यांत हरवले. विजेतेपदाच्या उंबरठ्यापर्यंत नेणारा माणूस आत नेणारा असेलच असे नाही, हा मुलाचा युक्तिवाद ऐकताना मलाही क्षणभर गप्प व्हावे लागते.

तरीही मी त्याच्याशी सहमत होऊ शकत नाही. आधीचे मॅनेजर आर्सेन वेंगर २२ वर्षांनी २०१८ मध्ये गेले, त्यांच्या जागी आलेले उनाई एमरी दीड वर्षात गेले, आणि ३७ वर्षांच्या आर्टेटांच्या हाती विस्कटलेला संघ आला. पहिले दोन्ही मोसम आठव्या क्रमांकावर संपले. २०२० च्या नाताळात १४ सामन्यांत १४ गुण मिळवून आपण पंधराव्या स्थानी होतो. त्या मोसमाअखेर पंचवीस वर्षांत प्रथमच क्लब युरोपीय स्पर्धांबाहेर गेला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लीगमधले पहिले तीनही सामने आपण हरलो, एकही गोल न करता नऊ गोल खाल्ले आणि गुणतक्त्याच्या तळाशी गेलो. त्या काळात त्यांना काढावे असे म्हणणाऱ्यांत मीही होतो, हे इथे नोंदवले पाहिजे. माझा अंदाज असा आहे, आणि तो अंदाजच आहे, की २०२०-२१ च्या मोसमाचा बहुतेक काळ स्टेडियमची दारे प्रेक्षकांना बंद नसती, साठ हजार माणसांचा आरडाओरडा दर पंधरवड्याला संचालकांच्या कानी पडला असता, तर आर्टेटा तेव्हाच गेले असते. ते राहिले म्हणून पुढच्या मोसमात आपण पाचवे आलो, त्यानंतर दुसरे, आणि गेली दोन्ही वर्षे लीगमध्ये सर्वांत कमी गोल खाणारी बचावफळी आपली आहे.

बदल हवा म्हणणाऱ्यांचे सर्वांत जोरकस उदाहरण लिव्हरपूलचे आहे. तिथे आर्ने स्लॉट हे नवे मॅनेजर आले आणि जवळजवळ त्याच खेळाडूंना घेऊन पहिल्याच वर्षी त्यांनी लीग जिंकली. मग आपल्याकडेही नवा माणूस तसे का करणार नाही? हे उदाहरण मला उलट माझ्या बाजूचे वाटते. लिव्हरपूलचे आधीचे मॅनेजर युर्गन क्लॉप यांना कोणी काढले नव्हते. ते स्वतःहून आणि आधी सांगून गेले, आणि मागे घट्ट बांधलेला संघ ठेवून गेले. शिवाय याच क्लॉप यांच्या संघाने २०१९ मध्ये ९७ गुण मिळवूनही दुसरा क्रमांक पत्करला होता. तेव्हा लिव्हरपूलच्या संचालकांनी त्यांना निरोप दिला असता, तर ३० वर्षांनी २०२० मध्ये आलेले ते विजेतेपद कोणी आणले असते?

आता पुण्याचा अनुभव. एफसी पुणे सिटी हा आपल्या शहराचा क्लब २०१४ ते २०१९ या काळात इंडियन सुपर लीगचे पाच मोसम खेळला. फ्रँको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, अँटोनिओ हबास, रँको पोपोविच, मिगेल अँजेल पोर्तुगाल असा दर मोसमाला नवा प्रशिक्षक आला, आणि पाचव्या मोसमात तर सुरुवातीच्या काही सामन्यांनंतर पुन्हा बदल झाला. पोपोविच यांच्या हाताखाली २०१७-१८ मध्ये संघ प्रथमच उपांत्य फेरीत गेला होता. तिथे बेंगळुरूने आपल्याला हरवले, आणि पुढच्या मोसमात पोपोविच नव्हते. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये बसून आम्ही दरवर्षी नव्या पद्धतीचा खेळ पाहत होतो: कधी मागे राहून खेळणारा संघ, कधी पुढे धावणारा, आणि मधल्या फळीतल्या तरुण खेळाडूंना आपली जागा नेमकी कोणती हे कळायच्या आत मोसम संपलेला. क्लब २०१९ मध्ये बंद पडला तो आर्थिक कारणांनी, प्रशिक्षक बदलल्यामुळे नव्हे. पण जोवर होता तोवर त्याला स्वतःचा खेळ सापडला नाही, याचे कारण माझ्या मते हेच होते. माझा मुलगा शाळकरी वयात तिथे माझ्यासोबत बसत असे, म्हणून मला त्याच्या सध्याच्या मताचे अधिकच आश्चर्य वाटते.

आर्टेटांचे सर्वच बरोबर आहे असे मी म्हणत नाही. नुकत्याच संपलेल्या मोसमाच्या सुरुवातीला राइस, ट्रोसार आणि सालिबा या खेळाडूंना आठ सामन्यांत मिळालेली तीन लाल कार्डे, ब्रायटन आणि सिटीविरुद्ध आघाडी घेऊन गमावलेले चार गुण, निसटत्या आघाडीवर मागे सरकून बसण्याची सवय, या गोष्टींचा जाब त्यांनाच द्यावा लागेल. पण जानेवारीत आघाडीपटू जेझुस जायबंदी झाले, साका आधीच बाहेर होते, तरी खेळाडू खरेदीची मुदत संपेपर्यंत क्लबने एकही आघाडीपटू घेतला नाही. मग हॅवर्ट्झही जायबंदी झाले आणि मेरिनो या मूळच्या मधल्या फळीतील खेळाडूला गोल करण्यासाठी पुढे उभे करावे लागले. अशा संघाच्या बरोबऱ्या मोजून केवळ मॅनेजरला दोषी धरणे मला अन्यायाचे वाटते. क्लबने गेल्या सप्टेंबरमध्ये त्यांचा करार २०२७ पर्यंत वाढवला आणि या मार्चमध्ये आंद्रेआ बेर्टा यांना क्रीडा संचालक म्हणून आणले. खेळाडू घेण्याची जबाबदारी आता कोणाची, याबद्दल संदिग्धता उरलेली नाही.

नवा मोसम ऑगस्टमध्ये सुरू होत आहे. तोपर्यंत हमखास गोल करणारा आघाडीपटू संघात आला आणि तरीही पुढच्या मे महिन्यात आपण रिकाम्या हातांनी परतलो, तर मी मुलाच्या बाजूला जाऊन बसेन, असे मी त्याला सांगितले आहे. आघाडीपटू आलाच नाही, तर मात्र पुण्यातल्या दोन्ही गटांनी आधी जाब विचारायचा तो संचालकांना.

आपला,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे
जून २०२५