सूचना : ओळखीचा आवाज आणि पैशांची मागणी

ज्येष्ठ नागरिक संघाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्यातल्या एका काकूंना भर दुपारी फोन आला. आवाज हुबेहूब नातवाचा. "आजी, अपघात झालाय, आईला सांगू नकोस, चाळीस हजार पाठव." त्या चष्मा शोधत होत्या, तेवढ्यात नातू क्लासवरून घरात शिरला, म्हणून वाचल्या. एआयला असा आवाज काढायला काही सेकंदांचं रेकॉर्डिंग पुरतं. आपण ग्रुपवर टाकतो त्या वाढदिवसाच्या व्हिडिओत ते असतंच.

तेव्हा घरात एक खुणेचा शब्द ठरवा. (आमचा ठरलाय, सांगणार नाही!) असा फोन आला की ठेवून द्या आणि आपल्याकडे असलेल्या नंबरवर स्वतः लावा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवता येऊ शकते. आणि पोलीस असल्याचं भासवून कुणी व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' केली म्हणालं, तर तशी अटक कायद्यात नाही.

आता आपल्याच घरचं. सभासदांची आधार क्रमांकांसह यादी कुणीतरी एआय चॅटबॉटला (प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या, मजकूर लिहून देणाऱ्या प्रोग्रॅमला) देऊन तक्ता करून घेतला. हेतू चांगला, पण हे पुन्हा नको. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालीच झालाय. इतिवृत्ताची भाषा चॅटबॉटकडून नीट करून घ्या, पण नावं-नंबर काढून, आणि वाचून मगच सही करा. त्याने केलेल्या मागच्या मसुद्यात न मांडलेला ठरावही 'एकमताने मंजूर' होता.

शंका असतील त्यांनी शनिवारी पाचला फोन घेऊन कार्यालयात यावं.

– चिटणीस