वॉटचे आकडे नकोत, दोन चांगले स्पीकर हवेत

महोदय,

होम थिएटरच्या जाहिरातीत '५,००० वॉट पीएमपीओ' (पीक म्युझिक पॉवर आउटपुट, म्हणजे क्षणभराची सर्वोच्च ताकद) असा आकडा ठळक टायपात असतो. त्याच संचाची पाठ फिरवून पाहिली तर चिकटवलेल्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, वीज लागते ६० वॉट. भिंतीतल्या प्लगमधून ६० वॉट ओढणारे यंत्र स्पीकरला सतत ५,००० वॉट कुठून देणार? पीएमपीओला सर्वमान्य मोजमापच नाही. क्षणार्धाचा सर्वोच्च आकडा धरायचा, चॅनेलच्या संख्येने गुणायचा आणि वर मर्जीप्रमाणे फुगवायचा, असा हा हिशेब. बडा घर पोकळ वासा! बेताच्या पैशांत घरी चांगला आवाज हवा असलेला माणूस इथेच पहिल्यांदा नाडला जातो, म्हणून ध्वनियंत्रणा जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करणाऱ्या आम्हा दोघांचे हे पत्र.

खरी गरज किती? साधारण छोट्या स्पीकरची संवेदनक्षमता ८६ डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज. अडीच मीटरवर बसलात तर मोकळ्या हवेत त्यातले ८ डेसिबल कमी होतील. पण बंद खोलीत भिंती थोडे परत देतात आणि स्पीकर दोन असल्याने ३ डेसिबलची भर पडते. म्हणजे एकेका स्पीकरला १ वॉट दिला तरी बसण्याच्या जागी ८० डेसिबलच्या वर आवाज पोचतो. एवढ्या आवाजात बोलायचे तर घसा ताणावा लागतो. संगीतातले अचानक येणारे ठोके सरासरीपेक्षा १० ते १५ डेसिबल वर उडी मारतात, त्यासाठी १० ते ३० वॉट हाताशी हवेत. बस. वॉट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॉट साधारण दसपट लागतात. त्यामुळे ८५ऐवजी ८८ डेसिबलचा स्पीकर घेणे म्हणजे दुप्पट ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर घेण्यासारखेच आहे. तरी दुकानात संवेदनक्षमता विचारणारे गिऱ्हाईक विरळा.

हल्ली मुठीत मावणारे क्लास डी (वेगाने चालू-बंद होऊन वीज कमी वाया घालवणारे) अ‍ॅम्प्लिफायर मिळतात. त्यातल्या पुष्कळांत टीपीए ३११६ ही चिप असते. वस्तू चांगली आहे, घोळ असतो तो अ‍ॅडॅप्टरमध्ये. खोक्यावर '५०+५० वॉट' आणि आत अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्टचा! व्होल्टचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमच्या (म्हणजे रोधाच्या) दुपटीने भागा: १४४ भागिले १६, म्हणजे ८ ओहमवर ९ वॉट, तेही कागदावर. तोच अ‍ॅम्प २४ व्होल्टवर चालवला तर ३६. म्हणून २४ व्होल्ट, निदान ४ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर वेगळा घ्यावा. आधी अ‍ॅम्पवर कमाल व्होल्टेज किती लिहिले आहे ते वाचावे. चिप २६ व्होल्टपर्यंत चालत असली तरी बोर्डावरचे कपॅसिटर कमी व्होल्टचे असू शकतात. प्लगच्या आतल्या पिनवर प्लस आहे ना, हेही मल्टीमीटरने पाहावे. आणखी एक गोष्ट: या अ‍ॅम्पच्या दोन्ही स्पीकरची काळी टोके एकत्र जोडू नयेत किंवा अर्थला लावू नयेत. त्यांची चारही टोके 'जिवंत' असतात.

पैसे कसे वाटावेत याबद्दल आमचे मत ठाम आहे. निम्म्याहून जास्त रक्कम दोन स्पीकरवर घालावी, पाच किंवा सहा डब्यांवर नाही. तेवढ्याच पैशांत सहा डबे बसवायचे म्हणजे प्रत्येक डबा हलका, तीन इंची कोनाचा (कोन म्हणजे आवाज काढणारा हलता पडदा), प्लॅस्टिकचा. असा छोटा कोन खालच्या सुरांकडे जाताना १५०-२०० हर्ट्झलाच (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) दमतो आणि सबवूफर (फक्त खोल बेस वाजवणारा वेगळा डबा) वर चढत १२० हर्ट्झच्या आसपास सोडून देतो. मधली जागा रिकामी. पुरुषी आवाजाचा पाया नेमका तिथे असतो, म्हणून अशा संचावर स्फोट दणदणीत ऐकू येतात आणि बोलणारा माणूस मात्र डब्यात कोंडल्यासारखा वाटतो. हे निर्मात्याच्या आळशीपणामुळे होत नाही, भौतिकशास्त्रच आड येते. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट हालचाल करावी लागते. लहान खोका, खोल बेस आणि चांगली संवेदनक्षमता या तिन्हींपैकी दोनच मिळतात. सव्वापाच किंवा साडेसहा इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा), एक इंची ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा) आणि ठोकल्यावर न खणखणणारा जाड लाकडी खोका, एवढे असले की मधल्या पट्टीत भोक पडत नाही. सबवूफर पुढे कधीही जोडता येतो.

जुने स्पीकर घेण्यात सर्वांत जास्त बचत होते, पण डोळे उघडे ठेवून. कोनाभोवतीची फोमची कड १० ते २० वर्षांत कुजते, दमट हवेत लवकर. बोट लावले की भुकटी होते. रबराची कड बहुधा टिकते. चार बोटे मध्याभोवती सारखी टेकवून कोन हलकेच आत दाबा. खरखर लागली तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारे तारेचे वेटोळे) घासते आहे, तो स्पीकर सोडून द्या. दीड व्होल्टचा सेल क्षणभर वूफरच्या तारांना लावा: लाल टोकाला प्लस दिल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. अ‍ॅम्प जुना असेल तर स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टोकांवर डीसी (एकाच दिशेचा विद्युतदाब) मोजावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. आकडा व्होल्टमध्ये गेला तर तो अ‍ॅम्प वूफर जाळणार. आवाजाचे बटण फिरवताना चरचर होते, ती मात्र काँटॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांत बहुधा जाते. तिचे निमित्त करून किंमत पाडून घ्यावी.

कुजलेली फोम कड घरी बदलता येते. नवे कडे मागवण्याआधी कोनाचा व्यास आणि फ्रेमचा आतला-बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, नुसते 'आठ इंची' सांगू नका. जुना डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून खरवडा. कडे आधी कोनाला चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मगच फ्रेमला. वाळल्यावर लवचीक राहणारा पांढरा डिंक वापरावा. झटपट चिकटणारा गोंद नको, कारण कॉइल मध्यावर आणायला वेळच मिळत नाही. फ्रेमचा डिंक ओला असताना ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू वाजता ठेवा आणि कान जवळ नेऊन ऐका. घासण्याचा आवाज येईल त्या बाजूने कडे केसभर सरकवा. बहुतेकांचे काम बिघडते ते इथेच: डिंक सुकला की मग वाजवून पाहतात.

यानंतरचा भाग फुकटचा आहे आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर कानाच्या उंचीला यावा, साधारण ९० ते १०० सेंटिमीटर. शोकेसच्या बंद खणात कोंबलेला स्पीकर कितीही भारी असला तरी गुणगुणणारच. मागची भिंत किती दूर, यावर बरेच अवलंबून असते: कोनापासून भिंत ५० सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेली लाट १७२ हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला खाते, २० सेंटिमीटरवर असेल तर ४३० हर्ट्झला. शिवाय भिंतीजवळ बेस फुगतो, कोपऱ्यात त्याहून जास्त. जागाच नसेल आणि स्पीकरच्या पाठीला पोर्टचे (बेससाठी हवा बाहेर सोडणारे) भोक असेल तर त्यात फोमचा किंवा जुन्या मोज्याचा बोळा घालावा. बेस थोडा घटेल, पण घुमणे थांबेल.

बसण्याची जागाही तितकीच महत्त्वाची. ४ मीटर लांबीची खोली ४३ हर्ट्झला घुमते. पाठ भिंतीला टेकवून बसलात तर तो घुमारा सर्वांत जोरात येतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर तोच सूर गायब होतो. म्हणून खुर्ची मागच्या भिंतीपासून लांबीच्या एक तृतीयांश अंतरावर आणून पाहावी. सबवूफरची जागा शोधायला उलटा मार्ग सोपा: तो ऐकण्याच्या खुर्चीत ठेवावा, ओळखीचे बेसचे गाणे लावावे आणि खोलीभर रांगत फिरावे. जिथे बेस एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवावा. दिसायला हास्यास्पद, पण काम चोख होते. इक्वलायझर (निरनिराळे सूर कमी-जास्त करण्याची सोय) असेल तर घुमणारे सूर खाली आणावेत. गायब झालेले वर चढवायला गेलात तर अ‍ॅम्प दमेल आणि खड्डा तसाच राहील.

टाळी वाजवल्यावर 'टर्रर्र' असा उमटणारा प्रतिध्वनी उघड्या समांतर भिंतींचा असतो. मध्ये जाड गालिचा, एका भिंतीला पुस्तकांनी भरलेले कपाट, खिडकीला चुण्यांचा पडदा, एवढ्याने तो बराच जातो. भिंतीला चिकटवलेला इंचभर फोम फक्त वरचे सूर शोषतो. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटरची असते, तिला तो दिसतही नाही. अंड्यांच्या ट्रे लावण्याबद्दल न बोललेले बरे.

वायरीवर जास्त खर्च करू नये. पाच मीटर लांब, दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दुहेरी वायरीचा जाऊन-येऊन रोध ०.१२ ओहम होतो, ८ ओहमच्या स्पीकरला तो जाणवत नाही. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर घेतली तर तिप्पट. महत्त्वाचे हे, की दोन्हीकडे प्लस प्लसलाच जावा. एका स्पीकरची टोके उलटी लागली तर बेस पातळ होतो आणि गायक मध्यभागी न राहता खोलीभर पसरतो. 'स्पीकर खराब' म्हणून आमच्याकडे आलेल्या कितीतरी जोड्यांची तक्रार एवढीच असते. वायरीचा एकही सुटा धागा शेजारच्या टोकाला शिवता कामा नये.

टीव्हीहून ऑप्टिकल वायरीने जोडणी केली आणि काहीच वाजेना, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करावा. ब्लूटूथ वापरताना मोबाइलचा आवाज पूर्ण ठेवून अ‍ॅम्पच्या बटणाने कमी-जास्त करावे, नाहीतर पार्श्वभूमीची सरसर वाढते. कायम 'हुंऽऽ' असा घुमा येत असेल तर दोन उपकरणांच्या अर्थिंगचे वेटोळे झालेले असते; दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहावे, नाही गेला तर मधल्या वायरीत ऑडिओ आयसोलेटर (दोन्हींमधला विजेचा संबंध तोडून फक्त आवाज पुढे नेणारी डबी) घालावा. त्यासाठी प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये; तो जिवावर बेततो.

दुकानात दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. अर्धा-एक डेसिबल मोठा वाजणाराही कानाला 'चांगला' वाटतो, आणि विकणाऱ्याला हे माहीत असते. उलट अगदी हळू आवाजात बेस कमी भासतो, तो कानाचा धर्म. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली तो मोजून दाखवला होता. 'लाउडनेस'चे बटण त्याच्यासाठीच असते, रात्रीच्या हळू ऐकण्यापुरते. ते दाबून ठेवूनच पूर्ण आवाजात वाजवले तर अ‍ॅम्पला आधी दम लागतो, लाटांचे शेंडे कापले जातात, आणि सहसा जळतो तो बिचारा ट्वीटर.

आपल्या वृत्तपत्रात अशा यंत्रांची ओळख छापताना एवढे आवर्जून द्यावे, ही विनंती: आरएमएस (सतत देता येणारे) वॉट, किती ओहमवर आणि किती टक्के विकृतीवर (म्हणजे आवाज किती बिघडेपर्यंत; १० टक्क्यांवर मोजलेला आकडा १ टक्क्यावरच्यापेक्षा सुमारे पाव हिस्सा मोठा दिसतो), स्पीकरची संवेदनक्षमता, आवाजाची व्याप्ती (किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत) अधिक-उणे ३ डेसिबलमध्ये, आणि सोबतच्या अ‍ॅडॅप्टरचे व्होल्ट-अँपिअर. चार ओळींची चौकट पुरेल. निर्माता यातला एखादा आकडा देत नसेल तर तिथे 'दिलेला नाही' असे छापावे.

आपले,
ध्वनियंत्रणेचे काम करणारे दोन वाचक